शनिवारी दुखणारे हात

शनिवारी काकांचे हात दुखत. शुक्रवारी ऊन कलायला लागलं की बोटांत कळ यायची, ते कॉम्प्युटर बंद करून शटर ओढायचे, आणि शनिवारी सूर्य बुडाला की हात पुन्हा ठणठणीत. सांधेदुखी इतकी वक्तशीर असते हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. कोळंबी त्यांच्या दाढेला लागायची. पापलेट, सुरमई लागायची नाही. खेकड्याचं नुसतं नाव काढलं तरी दाढ ठणकायची. आणि उन्हाळा सरता सरता वर्षातून एक दिवस त्यांचं पोट असं बिघडायचं की घोटभर पाणीही चालत नसे.

हे मी हसत लिहायला घेतलं, पण शेवटपर्यंत तसं जमेल असं वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या आधी आमच्याकडे लिहिणं म्हणजे फॉर्म, आणि फॉर्म म्हणजे इथं बहारीनला, मनाम्यातल्या नईम भागात, सगळेच ज्यांना काका म्हणतात त्यांचं टायपिंग सेंटर. अब्बा पंचवीस वर्षं मुहर्रकला एअरपोर्टवर सामान चढवतात. त्यांचा व्हिसा, अम्मीचा व्हिसा, आम्हा तिघा भावंडांचे सीपीआर म्हणजे इथली ओळखपत्रं, माझ्या शाळेचे आणि कॉलेजचे अर्ज, सगळं काकांच्या बोटांखालून गेलं. आता बरंच मोबाईलवर होतं. तरी ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे ते अजून त्यांच्याकडेच जातात.

दुकान एवढंसं. एक टेबल, दोन खुर्च्या, लॅमिनेशनचं मशीन, भिंतीवर कुठल्याशा बेकरीचं कॅलेंडर. आणि टेबलामागे एक फळी, तिच्यावर बाटल्याच बाटल्या. मलयाळी गिऱ्हाइकांनी दिलेली तेलं, बाम, पाकिस्तानी ड्रायव्हरने आणलेला कसलासा लेप. कारण दर रविवारी दुकानात शिरणारा पहिला माणूस विचारायचा, "काका, हात कसे आहेत?" आणि काका बोटं उघडमीट करून दाखवत म्हणायचे, "चालतात. यल्ला, बस." बारावीत असताना मीसुद्धा म्हसळ्याहून मामींनी पाठवलेली औषधी तेलाची बाटली त्यांना नेऊन दिली होती. त्यांनी चिकटपट्टीवर माझं नाव लिहून ती बाटलीला लावली आणि फळीवर ठेवली. सगळ्याच बाटल्यांवर देणाऱ्याची नावं होती. एकीचंही झाकण कधी उघडलेलं मी पाहिलं नाही.

कामाची त्यांची पद्धत वेगळीच. पासपोर्ट समोर उघडा असायचा, तरी ते नाव विचारायचे.

"अब्दुल करीम..."

"ते दिसतंय मला. आई काय म्हणते?"

समोरचा साडेसहा फुटी गवंडी, रत्नागिरीचा, मान खाली घालून म्हणायचा, "बाबू."

"हां. बस, बाबू."

मग पुढचा सगळा वेळ तो बाबू. फॉर्मवर अर्थात पासपोर्टावरचंच नाव जायचं. मलाही ते दर अर्जाला आई काय म्हणते ते विचारायचे, पण एरवी म्हणायचे "म्हसळा". "काय गो म्हसळा, परीक्षा कधी?" त्यांचं स्वतःचं गाव त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तुझ्या गावावरून खाडीपलीकडे बघ. दिसेल." त्यांच्या मराठीत आमच्याच किनाऱ्याचा हेल होता, आणि तो ऐकायला मी काम नसतानाही जायची.

पण मुख्य गोष्ट रकान्याची. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं ते खटाखट टाइप करायचे. धर्माचा रकाना आला की हात थांबायचे. कीबोर्ड उचलून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. "हे तुम्ही भरा." आणि मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. ज्याला लिहिता यायचं नाही त्याला ते कळ दाखवायचे, पण दाबायची त्यानेच. लोक वैतागायचे. "काका, तुम्हाला माहीत आहे की! नाव बघा ना." काका कॅलेंडरशीच बोलायचे, "मला काही माहीत नाही. नावावरून मला फक्त नाव कळतं."

एकदा, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, मी विचारलं, "पण का?"

दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "माझे वडील मुंबईत एका डॉक्टरचे कंपाउंडर होते. डॉक्टर जर्मन. यहुदी. पळून आलेला. तो वडलांना सांगायचा, लोकांना वाटतं आधी बंदुका आल्या. आधी कारकून आले. एक फॉर्म आला, आजी-आजोबा कोण, चारही जणांचा धर्म लिहा. मग नोकरी गेली. मग शाळा. मग बागेतल्या बाकावर बसायला बंदी. मग पासपोर्टावर शिक्का. मग ज्यांची नावं पुरेशी यहुदी वाटत नव्हती त्यांच्या नावात सरकारने एक नाव घुसवलं. बाईच्या नावात सारा, पुरुषाच्या नावात इस्राएल. दर वेळी एक फॉर्म. आणि दर फॉर्म कुणीतरी नीट, सुवाच्य भरला होता."

"आणि मग?"

"मग गाडीत घालायचं तेव्हा शोधावं लागलं नाही. यादी तयार होती." त्यांनी चष्मा चढवला. "रकाना म्हणजे भोक असतं, म्हसळा. आपण बाहेर. आतून कोण बघतंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून ज्याचं त्याने भरावं. निदान हात त्याचा असावा."

तो दिवस मी जपून ठेवला होता. आमच्या घरात मला असं कुणी काही सांगत नसे. कुणी असं धरून चालत नसे की मला कळेल. मला त्यांची लाडकी व्हायचं होतं, सरळ सांगायचं तर. एवढी साधी गोष्ट कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

घरी येऊन मी अब्बांना हे सांगितलं, वर हातांचं आणि दाढेचं गाऱ्हाणंही सांगितलं. अब्बा जेवत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"शनवारचेच बरे दुखतात गो हात!" पाणी पिऊन ते म्हणाले, "आपल्या गावात तेल्याचा घाणा होता. शनवारी बैल सुटा. शनवार तेलीच म्हणायचे त्यांना. यहुदी, पण आपल्यासारखेच, भाकरी-मासे खाणारे. माझ्या लहानपणीच गेले सगळे, कोण मुंबईला, कोण इस्रायलला. कोळंबी नाय खायचे ते."

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. शुक्रवारचं शटर, दाढ, वर्षातला तो एक उपाशी दिवस. साऱ्या बहारीनमध्ये हे ओळखू शकतील अशी आमच्यासारखी किती घरं असतील? आमच्या किनाऱ्याच्या माणसाशिवाय कुणाला कळलंही नसतं.

"मग काका सांगत का नाहीत? मनाम्यात सिनेगॉग आहे, कोण काय म्हणणार?"

अब्बा हसायचे थांबले. "त्यांनी सांगितलं तुला?"

"नाही."

"मग आपल्याला कळलं नाय."

ते जेवत राहिले. मीही ते कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर दर रविवारी "काका, हात कसे आहेत?" असं विचारताना मला आतून गुदगुल्या व्हायच्या. बाकीचे नुसतेच विचारत होते. मी माहीत असून विचारत होते. आमच्या दोघांमध्ये काहीतरी आहे, असं मी मनाशी धरलं होतं. त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी शेरिलला मीच त्यांच्याकडे नेलं. शेरिल माझ्या वर्गातली, मूळची वसईची. वडील हॉटेलात मॅनेजर, आई हॉस्पिटलात मेट्रन, घर जनाबियाला कंपाउंडमध्ये, आत पोहायचा तलाव. मराठी तिला सगळी कळायची, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. तिला एका स्कॉलरशिपचा अर्ज भरायचा होता. तिला स्वतःला तो सहज भरता आला असता. तिला काका बघायचे होते, कारण मीच त्यांच्या गमती सांगितल्या होत्या. त्या हातांची खरी गोष्ट तेवढी सांगितली नव्हती.

रकाना आला. काकांनी कीबोर्ड पुढे केला आणि कॅलेंडरकडे वळले. शेरिलने बोट उचललं, थांबली. "अंकल, डू आय हॅव टू?"

काका वळले. तिच्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की मी त्यांचे मागचे सोन्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

"नो, माय डियर. यू डोन्ट. नोबडी एव्हर आस्क्ड मी."

त्यांचं इंग्रजी मी तोवर फॉर्मपुरतंच ऐकलं होतं. ते जुन्या शाळेतलं, संथ, सुंदर इंग्रजी होतं. पुढचा तासभर ते दोघं त्यातच बोलले. माझी आणि त्यांची मराठी मला एकाएकी मोरीजवळच्या भांड्यांसारखी वाटायला लागली.

जाताना मी म्हटलं, "काका, रकाना रिकामा ठेवता येतो हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस, म्हसळा." सहज म्हणाले ते. त्यात टोमणा नव्हता. पण मला तो लागला, आणि रात्रंदिवस लागत राहिला.

त्यानंतर शेरिल एकटीही जायला लागली. एका रविवारी मी गेले तर फळीवर नवी बाटली, परदेशी स्प्रे. चिकटपट्टीवर तिचं नाव. एका दुपारी तिने मला कँटीनमध्ये सांगितलं, "ही शोड मी द लेटर."

कुठलं पत्र?

त्या जर्मन डॉक्टरांची बहीण मागे राहिली होती. नगरपालिकेत टायपिस्ट होती ती. तो आजी-आजोबांचा फॉर्म आला तेव्हा तिने चारही जणांचं खरं लिहिलं, कारण घरात खोटं लिहायची सवय नव्हती, आणि नोकरी गेली. युद्ध सुरू झाल्यावर भावाला तिचं एकच पत्र मुंबईला पोचलं. तेव्हा छापील कागदावर पंचवीसच शब्द पाठवता यायचे. शेरिलला ते पाठ झाले होते. तब्येत बरी आहे, खोली बदलली आहे, पुस्तकं शेजारणीकडे ठेवली आहेत, असं काहीबाही. पाठवणाऱ्याच्या नावात मध्ये 'सारा' लिहिलेलं. तिच्या आईने ठेवलेलं नाव नव्हे ते. त्यानंतर काही आलं नाही. डॉक्टर मुंबईतच वारले, कागद कंपाउंडरकडे राहिला, कंपाउंडरकडून मुलाकडे.

म्हणजे 'आई काय म्हणते' हे तिथून आलं होतं. इतकी वर्षं ते मला विचारत आले, आणि त्याचं मूळ दाखवलं शेरिलला. ती सांगताना रडत होती. मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटत होतं की तो कागद माझ्या हातात का नाही दिला. एक बाई अख्खी पुसली गेली होती, आणि मी मोजत बसले होते की कुणाला आधी सांगितलं.

ते पत्र मी आजपर्यंत पाहिलेलं नाही.

त्या सत्रात विसाव्या शतकाच्या इतिहासाचा प्रकल्प होता. आम्ही दोघींनी मिळून विषय घेतला होता, सरकार आपल्याच माणसांना वेगळं कसं काढतं. जर्मनीतले कायदे, याद्या, छावण्या, साठ लाख माणसं. काकांनी तो आकडा माझ्यासमोर कधी उच्चारला नव्हता. माझ्या वाट्याला शेजारी आले होते. मी खूप वाचलं. वर्गात उभं राहून, कागदावर बघत का होईना, मी नीट सांगितलं, की पोलिसांना सगळं कुठं माहीत असतं? कुठल्या घरात कोण राहतं, शुक्रवारी कुणाकडे मेणबत्त्या लागतात, हे शेजाऱ्यांनाच माहीत असतं. आणि त्यांनी ते सांगितलं. कुणी भीतीने, कुणी घर मिळेल म्हणून, कुणी जुन्या रागाने.

मग शेरिल बोलली. तिने ते पंचवीस शब्द सांगितले. कागदाकडे न बघता. सरांनी चष्मा काढला.

"हे कुठे मिळालं?"

"एका ओळखीच्यांनी दाखवलं, सर. नाव सांगणार नाही असं मी प्रॉमिस केलंय." ती सगळं इंग्रजीतच म्हणाली, पण माझ्या कानात ते मराठीत ऐकू आलं. प्रॉमिस! त्यांच्यात प्रॉमिससुद्धा झालं होतं.

सर तिच्याकडे बघत होते, सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, आणि मी बोलले.

"नईमचे टायपिंगवाले काका आहेत ते. माझ्याच जिल्ह्याचे. मी त्यांना हिच्या कितीतरी आधीपासून ओळखते. ते स्वतः यहुदी आहेत. शनिवारी त्यांचे हात वगैरे काही दुखत नाहीत."

दोनचार मुलं हसली. मी शेरिलकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. ती त्यांना कंपाउंडरचा मुलगा एवढंच समजत होती. तिचा चेहरा उतरला, आणि मला जे झालं तो आनंदच होता. मी त्याला दुसरं नाव देणार नाही. तो पुरता मिनिटभर टिकला.

पुढचं मला अब्बांकडून कळत गेलं. आमच्याच वर्गातली दोन मुलं मोबाईल घेऊन दुकानात गेली आणि टीव्हीवर दिसणाऱ्या इस्रायलच्या युद्धाचा काकांना जाब विचारला. काका म्हणाले, "मी फॉर्म भरतो." एक जुनं गिऱ्हाईक आपली फाइल परत घेऊन गेलं. एक बाई उलट पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली, त्यांच्यासोबत फोटो काढला, आपल्याकडे किती छान सगळे एकत्र राहतात असं लिहून मोबाईलवर टाकायला. कुणीतरी खजूर ठेवून गेलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. कुणी म्हणेल, मग झालं काय?

रविवारी "काका, हात कसे आहेत?" असं कुणी विचारेनासं झालं. एवढंच झालं.

अब्बा मला ओरडले नाहीत. डबा भरता भरता म्हणाले, "इतकी वर्षं सगळ्यांनी तेल नेऊन दिलं त्यांना. तुला काय वाटलं, आपल्या गावाकडच्या एकालाही कळलं नसेल?"

मी सहा आठवडे गेले नाही. मग माझ्या रेसिडेन्सीची मुदत संपत आली. तो अर्ज मला मोबाईलवरून भरता आला असता. तरी मी कागदपत्रं घेऊन नईमला गेले. रविवार होता. शटरवर पहिल्यांदाच एक पाटी दिसली, इंग्रजी आणि अरबीत, शनिवारी बंद. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"आओ. बैठो," काका म्हणाले.

हिंदीत. त्यांनी माझा पासपोर्ट उघडला आणि त्यातलं नाव, बापाचं नाव, आडनाव, टाइप करत गेले. आई काय म्हणते ते विचारलं नाही.

मी रस्ताभर जुळवलेली वाक्यं विसरले. "काका, माझं चुकलं."

त्यांनी स्क्रीनवर वाकून बघितलं. "कहाँ? नाम तो सही है."

"तसं नाही काका..."

"पता? पता भी सही है." आणि ते पुढे टाइप करत राहिले. पोस्टातल्या खिडकीवर माणूस असतो तितके सभ्य होते ते.

रकाना आला. हात थांबले. मला वाटलं, आज ते स्वतःच भरतील. भरावं, असंच मला वाटत होतं. माझ्याकडे बघत, एकेक कळ दाबत. पण त्यांनी कीबोर्ड उचलला, नेहमीसारखा दोन्ही हातांनी, माझ्यापुढे ठेवला आणि कॅलेंडरकडे मान वळवली.

रिकामा ठेवावा असं मनात आलं, पण ते शेरिलचं होतं. मी माझा धर्म टाइप केला. दोनदा चुकलं. काका तेवढा सगळा वेळ भिंतीकडे बघत राहिले. बाबूसाठी, अब्बांसाठी, परवा फाइल घेऊन गेलेल्या माणसासाठी बघायचे, अगदी तसेच.

"हो गया," मी म्हटलं.

प्रिंट निघत असताना माझी नजर त्यांच्या मागे गेली. फळी मोकळी होती. एवढ्या वर्षांच्या बाटल्या कुठेच नव्हत्या. कोपऱ्यात फक्त एक परदेशी स्प्रे उभा होता. लाज वाटायला हवी होती. त्या क्षणीही मला वाटला तो हेवाच.

काकांनी कागद क्लिपमध्ये लावून दिले. मग खालचा खण उघडून एक बाटली काढली आणि कागदांवर ठेवली. चिकटपट्टीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात माझं नाव. पासपोर्टावरचं नव्हे, अम्मी हाक मारते ते. झाकणाचं सील तसंच होतं.

"हे घेऊन जा," ते म्हणाले. त्या दिवशी मराठीत ते तेवढंच बोलले, आणि त्याच्या पुढचं एक वाक्य.

"आता हात दुखत नाहीत."